बापाला लावलेला लेप

लाई शूगनच्या एका बापाला जाऊन एकवीस वर्षं झाली होती. दुसरा बाप घरामागच्या चढावर उभा होता, आणि त्या वर्षी वसंत सरत आला तरी त्याच्या अंगातून चिकाचा एक थेंब गळला नव्हता.

दुसरा बाप म्हणजे पाइनचं झाड. लाईखंग गावात झाडाला बाप करणं ही नवलाची गोष्ट नाही. पोर सारखं आजारी पडायला लागलं, की त्याला एखाद्या दणकट झाडाच्या ओटीत घालायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. माणसाचं आयुष्य ते केवढं! झाड दोनशे-तीनशे वर्षं सहज काढतं. त्यातली थोडी पोराला दिली तर त्याचं काय जातंय?

शूगन तीन वर्षांचा असताना त्याच्या डोक्यात गळवं उठली होती. एक फुटलं की शेजारी दोन तयार. पोर रडून रडून निळं पडायचं, मान टाकायचं. त्याची आई चुंग ताओमेइ तेव्हा सत्तावीस वर्षांची होती आणि त्याच्या आधीची दोन मुलं तिच्या हातातून गेली होती. तिच्या माहेरी राळेचा लेप करायचे. तिनं त्या पाइनच्या मुळाशी गळून सुकलेली राळ वेचून आणली. पातीच्या कांद्याच्या रसात उकळली, गार पाण्यात ओतली, पुन्हा उकळली, पुन्हा ओतली, असं तीनदा. मग आगीचं विष उतरावं म्हणून सात दिवस विहिरीत सोडून ठेवली. पोर घरात तळमळतंय आणि राळ विहिरीत थंड होतेय, त्या सात दिवसांबद्दल ताओमेइ पुढे कधीही बोलली नाही. आठव्या दिवशी तिनं राळेत सोललेल्या एरंडाच्या बिया घातल्या आणि दगडावर ठेवून लाकडी मोगरीनं कुटायला घेतलं. हजार ठोके. नऊशे नाही, साडेनऊशे नाही. तिच्या माहेरची शिकवण अशी होती की हजाराच्या आत हा लेप नुसता चिकट असतो, हजारानंतर तो ओढायला लागतो.

लेप लावल्यावर पाचव्या दिवशी मोठं गळू फुटलं आणि भाताच्या दाण्याएवढं मूळ बाहेर पडलं. शूगनच्या उजव्या कानामागे अजून तळहाताएवढी टकली जागा आहे. गावातली पोरं तिला विमानतळ म्हणतात.

पोर वाचलं, पण ताओमेइचं समाधान झालं नाही. लेपानं बरं केलं खरं, पण पुढे राखणार कोण? म्हणून वर्षअखेरीला ती पोराला घेऊन त्याच पाइनपाशी गेली. उकडलेलं डुकराचं मांस, तांदळाची दारू, लाल कागद. आमच्याकडे या वेळी आई झाडाशी बोलते आणि पोराचा बाप बुंध्यामागे लपून झाडाच्या वतीनं उत्तरं देतो. सगळ्यांना ठाऊक असतं मागे कोण आहे ते. तरी सगळे झाडाकडेच बघतात.

"पोर तीन वर्षांचं आहे," ताओमेइ म्हणाली. "रडकं आहे, पण खातं थोडंच. ठेवून घेशील का?"

"घेतलं," बुंध्यामागून लाई म्हातारा म्हणाला. तेव्हा तो म्हातारा नव्हता.

"किती वर्षांसाठी?"

"शंभर."

मग पोराचं नाव बदलून शूगन ठेवलं. म्हणजे झाडाचं मूळ. त्या दिवसापासून शूगनवर एकच बंधन आलं, ते म्हणजे बापाच्या अंगाला लोखंड लावायचं नाही. आणि एक भीती ताओमेइवर आली. तिच्या माहेरच्या वाडीत एकाचं बाप-झाड वादळात पडलं होतं आणि वर्षाच्या आत तो तरणाबांड माणूस नदीत गेला होता. झाड गेलं की पोर वर्षाच्या पुढे जात नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. मधली काही वर्षं असल्या रीतींना बंदी होती. तेव्हासुद्धा ती सरपणाच्या नावाखाली सदऱ्याच्या आत लाल कागद लपवून वर जायची.

आता गंमत अशी, की या पाइनच्या लेकानं पोटासाठी धंदा धरला तो पाइनला चिरे पाडून चीक काढायचा. दीड हजार झाडं त्याच्या वाट्याला होती. उजाडायच्या आत वाकडी सुरी घेऊन निघायचं, कालच्या चिऱ्याखाली आजचा चिरा पाडायचा, खाली लावलेली पिशवी बघायची, पुढच्या झाडाकडे जायचं. चाळीस वर्षं हेच. त्याच्या बोटांची पेरं इतकी चिकट झाली होती की भाताच्या वाटीला हात लावला तर वाटी हातासोबत यायची. त्याचा शेजारी ओउयांग हाही त्याच धंद्यातला, समोरच्या चढावरची अकराशे झाडं त्याची. तो कायम टोमणा मारायचा, "शूगन्या, दीड हजार जणांचं रक्त काढतोस आणि एकाच्या पाया पडतोस. हे बरंय तुझं."

"तू त्या एकालाही सोडत नाहीस," शूगन म्हणायचा.

बाप-झाडाला तो सुरी लावत नसे. पण वाऱ्यानं फांदी मोडलेल्या जागेतून जो चीक आपणहून ओघळतो आणि सुकून खडा होतो, तो दर वसंतात वेचून आईला आणून द्यायचा. ताओमेइ लेप करायची तो त्या खड्यांचाच. नखुरडं, पायात मोडलेला काटा, काखेतलं गळू, अशी सगळी दुखणी तिच्या ओट्यावर यायची. कुणी घाबरून म्हणालं, "आजी, कालपेक्षा आज जास्त वाईट दिसतंय," की ती म्हणायची, "बाहेर येतंय ना? मग घाबरायचं काय? आत राहतं ते वाईट." पुढे ती ब्याऐंशीची झाली, डोळ्यांत पडदे आले, खुब्यावर पडल्यापासून चालणं सुटलं, मोगरी शूगनच्या हातात आली. पण मोजणं तिचंच. शूगन कुटायचा आणि ती दारात बसून मोजायची. शूगनची बायको मुलाकडे शहरात नातू सांभाळायला गेली होती, त्यामुळे घरात ही दोघंच.

आणि त्या वर्षी शूगन खडे वेचायला वर गेला, तर खडे नव्हते.

त्यानं मोडलेल्या फांदीच्या जागी अंगठा दाबला. कोरडं ठणठणीत. बुंध्याला फेरी मारली. मुळाशी पानं उकरली. मागच्या वर्षीचे दोन पिवळे पडलेले खडे मिळाले, ताजं काही नाही. वर बघितलं तर सुया हिरव्यागार. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, झाड तर उत्तम आहे. पण चाळीस वर्षं चीक काढणाऱ्याला काय सांगायचं? वनखात्यानं मागच्याच हिवाळ्यात सगळ्या चीकवाल्यांना सभागृहात बसवून पडद्यावर दाखवलं होतं. एक भुंगा असतो, त्याच्या अंगावरून केसापेक्षा बारीक किडा झाडात शिरतो आणि आतल्या आत झाडाला सुकवतो. पहिली खूण म्हणजे चीक आटतो, पानं नंतर लाल होतात. चीक आटलेलं झाड दिसलं की त्या क्षणी फोन करायचा. फोन नंबर गावातल्या प्रत्येक भिंतीवर लावला होता. शूगनच्या डुकरांच्या गोठ्यावरसुद्धा.

फोन केला की झाड कापणार, हे ओघानंच आलं.

शूगन खाली आला, आपल्याच दुसऱ्या एका झाडाचे खडे खिशातून काढून आईच्या ओंजळीत ठेवले आणि म्हणाला, "घे. बापानं दिलेत."

तिनं नाकाशी धरले. "यंदा थोडेच दिलेत."

"म्हातारा झालाय तोही."

"म्हातारा माझ्यापेक्षा जास्त नसेल," ती म्हणाली आणि हसली. शूगनला त्या हसण्याकडे बघवेना.

पुढे जे त्यानं केलं, ते ऐकून तालुक्यातला कुणीही कपाळावर हात मारेल. पण लाईखंगमधल्या माणसाला त्यात वेडेपणा दिसणार नाही, आणि तेच वाईट झालं. तो आईला म्हणाला, "लेप जरा जास्त कर. थाळीभर लागेल."

"थाळीभर? कुणाला एवढं गळू झालंय?"

"ओउयांगच्या म्हशीला. मांडीत."

आईनं म्हशीसाठी म्हणून राळ तीनदा उकळून घेतली, सात दिवस विहिरीत ठेवून घेतली आणि हजार ठोके मोजून दिले. शूगननं तो लेप लाल कापडावर थापला, वर नेला, आणि जिथे फांदी मोडली होती तिथे बुंध्याला बांधला. साल खरवडायला सुरी वापरता येईना, म्हणून बांबूच्या चिपेनं खरवडली. बांधताना तो बोलत होता. काय बोलत होता ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. तीन वर्षांच्या पोराच्या डोक्यातलं विष ज्यानं ओढून काढलं, तो लेप त्याच झाडाच्या राळेचा होता. मग त्या झाडाचं विष तो का ओढणार नाही? त्याच्या हातात दुसरं होतं तरी काय?

तो रोज सकाळी कामाला जायच्या आधी वर जायचा. पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी ऊन चांगलं तापल्यावर गेला, तर लाल कापडाच्या खालून एक थेंब लोंबत होता. सोनेरी, टपोरा, उन्हात चमकणारा.

शूगन खालीच बसला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण त्याला हुंदका आला. "दिलंस रे, दिलंस!" असं म्हणत त्यानं थेंब बोटावर घेतला आणि सवयीनं नाकाशी नेला.

कांद्याचा वास आला.

लेपच उन्हानं पातळ होऊन ओघळला होता. झाडाच्या चिकाला कांद्याचा वास कुठून येणार? शूगन बोट तसंच नाकाशी धरून बसला. पुन्हा हुंगलं, पुन्हा तेच. मग त्यानं बोट पँटला पुसलं आणि सुरी उचलून कामाला गेला.

इकडे घरी वेगळाच गोंधळ. ओउयांग दारावरून जाताना ताओमेइनं हाक मारली, "काय रे, म्हैस कशी आहे?"

"माझी म्हैस? मस्त आहे, आजी."

"बघ! लागू पडला की नाही लेप?"

ओउयांगला म्हशीचं काही कळलं नाही, पण शूगननं काहीतरी लपवलंय एवढं कळलं. तो तडक वर गेला. लाल कापड बांधलेलं झाड बघून आधी पोट धरून हसला. मग त्यानं मोडलेल्या जागेवर अंगठा दाबून बघितला आणि त्याचं हसू गेलं. त्याच्या अकराशे झाडांतलं सगळ्यात जवळचं झाड तिथून ओरडून ऐकू येईल इतकंच दूर होतं.

संध्याकाळी त्यानं शूगनला विहिरीपाशी गाठलं. "फोन केलास?"

"नाही."

"मी करू?"

शूगन पाण्याची बादली धरून उभा राहिला. "आई अजून आहे रे," तो म्हणाला. "तिला कळलं तर ती झाडाच्या आधी जाईल. दहा दिवस दे. दुसरा लेप लावून बघतो."

"लेप! शूगन्या, तू शुद्धीवर आहेस का?"

"दहा दिवस."

ओउयांगनं शिवी दिली. चांगली जुनी, दोन्ही बापांना पुरेल अशी. आणि दहा दिवस दिले. त्याला नाही म्हणता आलं नाही. त्याच्या बायकोच्या छातीत गळू झालं होतं, तेव्हा ताओमेइनं लेप लावून तिला वाचवलं होतं. त्याची थोरली मुलगी त्याच दुधावर वाढली.

त्या दहा दिवसांत भुंगे उडाले. कदाचित त्याआधीच उडाले असतील, ते भुंग्यांनाच ठाऊक. दहाव्या दिवशी ओउयांगनं काही विचारलं नाही आणि शूगननं काही सांगितलं नाही. लेप तीनदा बदलून झाला होता. ऐन उन्हाळ्यात बापाच्या शेंड्याच्या सुया पिवळ्या पडल्या, मग गंजल्यासारख्या लाल झाल्या आणि गळल्या नाहीत, तशाच लोंबत राहिल्या. आठवड्याभरात समोरच्या चढावर ओउयांगची झाडं लाल व्हायला लागली. आधी पाच, मग चाळीस. मग मोजायचं सोडून दिलं.

वनखात्याची माणसं आपणहून आली. त्यांना दरीच्या पलीकडूनच दिसलं होतं. त्यांच्यात न्ये नावाची एक तरुण बाई होती, डोक्यावर गवती टोपी, हातात गिरमिट आणि लाल रंगाचा डबा. कामाची आणि सरळ. तिनं बाप-झाडावरचं लाल कापड बघितलं, सालीवर थापलेला लेप बघितला आणि ते बाजूला सारलं.

"काका, इथे एक चिरा पाडून दाखवा," ती शूगनला म्हणाली. "तुमचा हात बसलेला आहे."

शूगननं सुरी पाठीमागे धरली. "माझ्याच्यानं होणार नाही, बाई."

"का?"

"तो त्याचा बाप आहे," मागून आलेला ओउयांग म्हणाला. न्ये हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिनं स्वतः सुरी घेतली आणि चिरा पाडला. दोनशे वर्षांच्या त्या झाडाला पहिल्यांदा लोखंड लागलं. आतलं लाकूड जुन्या खुर्चीसारखं कोरडं होतं.

"चीक कधी थांबला याचा?" तिनं विचारलं. "तुम्ही चीक काढणारी माणसं. वसंतातच लक्षात आलं असेल ना?"

शूगननं तोंड उघडलं. तो सांगणार होता, खरंच सांगणार होता. पण ओउयांग आधी बोलला.

"आम्हाला काय कळतंय, बाई? आम्ही अडाणी माणसं. झाड हिरवं दिसलं म्हणजे बरं आहे, एवढंच आमचं शिक्षण."

न्येनं दोघांकडे बघितलं. मग डबा उघडून बुंध्यावर लाल फुली मारली आणि समोरच्या चढावर गेली. तिथे तिला संध्याकाळपर्यंत फुल्या मारायच्या होत्या. ओउयांगची अकराशेच्या अकराशे झाडं गेली, शूगनची साडेआठशे.

ओउयांग रागावला असता, अंगावर धावून आला असता, तर शूगनला बरं वाटलं असतं. तसं काही त्यानं केलं नाही. छप्पन्नाव्या वर्षी खुर्च्या बनवायच्या कारखान्यात कामाला जायचं ठरवून त्यानं गाठोडं बांधलं आणि जाताना म्हैस आणून शूगनच्या दारात बांधली.

"सांभाळ हिला," तो म्हणाला. "मांडीत गळू झालं तर लेप आहेच तुझ्याकडे."

शूगननं दावं हातात घेतलं. त्याला माफी मागायची होती, पण म्हशीसमोर आणि दारात बसलेल्या आईसमोर कसली माफी मागणार?

झाड कापायला माणसं आली तो दिवस निरभ्र होता. आईला कुठे न्यायची सोय नव्हती. शूगननं तिला दारातून उचलून आतल्या खोलीत बसवलं आणि दगड-मोगरी पुढ्यात घेतली.

"आज कुणासाठी लेप?" तिनं विचारलं.

"असू दे घरात."

वरती करवत सुरू झाली. शूगननं कुटायला घेतलं, जोरात.

"आवाज कसला रे?"

"वाटेवरचे बांबू साफ करतायत."

"एवढं मोठं यंत्र बांबूला?" ती म्हणाली आणि मग मोजायला लागली. "एक. दोन. तीन."

करवत थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. ती थांबली की शूगनचा हात आणखी जोरात पडायचा आणि सुरू झाली की त्याहून जोरात. शंभर झाले, तीनशे झाले. घाम डोळ्यांत जात होता. आई एका लयीत मोजत होती, नजर भिंतीकडे. सातशे बेचाळीसला वरून लांब कडकडाट आला आणि मग जमीन हादरली. मांडणीवरच्या वाट्या वाजल्या. कोंबड्या ओरडत अंगणात धावल्या. शूगनची मोगरी हवेतच राहिली.

"थांबू नकोस," आई म्हणाली. "मधे थांबलं की फुकट जातं."

तो कुटू लागला.

"सातशे त्रेचाळीस," ती म्हणाली.

तिनं पुन्हा आवाजाचं काही विचारलं नाही. त्या संध्याकाळी नाही आणि नंतरही नाही. शूगननं स्वतःची समजूत घातली की तिला ऐकू कमी येतं. खोडाचे तुकडे करून त्यांनी जाळले. बुडख्यावर औषधाच्या गोळ्या टाकून तो काळ्या प्लास्टिकनं गुंडाळला, कडेनं माती लोटली. तिथून जाताना शूगन मान फिरवायचा. आपल्याला काही होतंय का, हेही तो मनातून तपासत असायचा. खोकला आला की दचकायचा. रोज सकाळी आई त्याच्या कपाळाला हात लावून बघायला लागली होती. पूर्वी ती असं करत नसे.

वर्षअखेर आली. आई म्हणाली, "यंदा मला बापाकडे घेऊन चल."

"थंडी आहे. मीच जाऊन येतो ना दरवर्षीसारखा."

"मला ने. पुढच्या वर्षी मी असेन का नसेन?"

शूगन दोन दिवस टाळत राहिला. तिसऱ्या दिवशी तिनं जेवण नाकारलं. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला त्याची आई उपाशी बसून दम देते, यापुढे कुणाचं काय चालणार? मग त्यानं आपल्या परीनं सोय केली. ओढ्याच्या वाटेवर, बाप-झाडाच्या थोडं अलीकडे, एक जुनं कापराचं झाड होतं. बुंधा तेवढाच मोठा, साल तशीच भेगाळलेली. आईच्या डोळ्यांना उजेडापलीकडे काही दिसत नाही. आदल्या दिवशी तो जाऊन घरातला लेप ऊनऊन करून त्या झाडाच्या सालीला चोळून आला, हात लागेल त्या उंचीवर. पाइनचा वास आला की झालं.

सकाळी त्यानं आईला पाठुंगळी घेतलं. हातात टोपली, टोपलीत मांस, दारू, लाल कागद, काखेत बसायला स्टूल. आई काही जड नव्हती. ती त्याच्या कानामागच्या टकल्या जागेवर गाल टेकून होती आणि वाटेत एकदाच म्हणाली, "लवकर आलो रे. पूर्वी चढ लांब वाटायचा."

"मी भराभर चाललो," शूगन म्हणाला.

स्टूल मांडून त्यानं तिला झाडासमोर बसवलं. मांस मांडलं, दारू ओतली. तिनं दोन्ही हात पुढे केले. तिच्या बोटांनी सालीच्या भेगा चाचपल्या, बोटं वर गेली, खाली आली. मग तिनं बोटं नाकाशी धरली.

तिनं पुन्हा हुंगलं.

"कांद्याचा वास येतोय," ती म्हणाली.

शूगन टोपलीतला लाल कागद उलगडायला लागला.

"झाडाच्या चिकाला कांद्याचा वास येत नाही, बाळा. हा माझ्या हातचा लेप आहे. हे झाड कुठलं?"

"कापराचं," शूगन म्हणाला. त्याला खोटं सुचलंच नाही.

"म्हशीचा लेप तेव्हा बापाला लावलास ना?"

"हो."

"आणि ते करवतीचं..."

"हो."

"इतके महिने आत ठेवून बसलास," ती म्हणाली. रागावलेली नव्हती. मांडीवर तिनं एक हात दुसऱ्यानं दाबून धरला होता. "मलाही धीर नव्हता रे विचारायचा. रोज सकाळी तुझं कपाळ बघायची. गरम लागलं तर काय करायचं, तेही ठाऊक नव्हतं. लेपानं काय होणार त्याला?"

शूगन तिच्या पायाशी बसला. तिनं हात पुढे करून झाड पुन्हा चाचपलं, या वेळी वेगळ्या तऱ्हेनं, बाजारात म्हैस बघतात तसं, बुंध्याचा घेर, मुळांची पकड.

"जुनं आहे का?"

"आजोबांच्या आधीपासूनचं म्हणतात."

"कीड?"

"नाही. या किड्याला पाइनच लागतो." मग त्याच्यानं राहवलं नाही. "पण कुणी सांगावं, आई."

"कुणीच नाही सांगू शकत," ती म्हणाली आणि तिनं पदराचं टोक सारखं करावं तसं डोक्यावरचं फडकं नीट केलं. ताठ बसली. तोंड झाडाकडे केलं.

"पोर अठ्ठावन्न वर्षांचं आहे," ती झाडाला म्हणाली. "रडकं नाही, म्हणजे फारसं नाही. खातं थोडंच. पाठ दुखते त्याची. ठेवून घेशील का?"

ओढ्याचं पाणी वाहत होतं. झाडामागे कुणी नव्हतं. ती वाट बघत राहिली.

"आई," शूगन हलकेच म्हणाला, "बाबा नाहीत."

"मग तू जा मागे."

"मी? माझ्यासाठी मीच?"

"दुसरं कोण आहे?"

शूगन उठला. बुंध्याला वळसा घालून मागे गेला. तिथून समोरच, चढावर, काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला बुडखा दिसत होता, आणि त्याच्या पलीकडे ओउयांगचा अख्खा बोडका डोंगर. त्यानं तोंड फिरवून कपाळ सालीला टेकवलं.

"ठेवून घेशील का?" पलीकडून आईनं पुन्हा विचारलं.

"घेतलं," शूगन म्हणाला.

"मोठ्यानं. मला कमी ऐकू येतं."

"घेतलं!"

"किती वर्षांसाठी?"

इथे त्याचा बाप क्षणाचाही विचार न करता शंभर म्हणाला होता. शूगनच्या तोंडी तो आकडा येईना. चीक आटल्याचं लपवून ज्यानं एवढी झाडं घालवली, त्यानं आता झाडाच्या वतीनं शब्द कोणत्या तोंडानं द्यावा?

"तू आहेस तोवर," तो अखेर म्हणाला.

"तेवढ्यानं नाही भागायचं," ती म्हणाली. "मी आज आहे, उद्या नाही. शंभर म्हण."

शूगन सालीला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

"शूगन, शंभर म्हण ना रे!"

"शंभर," झाडामागून तो म्हणाला.

आईनं सुस्कारा सोडला. दारू मुळाशी ओतल्याचा आवाज आला. शूगन मागेच थांबला. अशा रडक्या चेहऱ्यानं पुढे यायची त्याची हिंमत होत नव्हती, आणि तिला दिसत नाही हे त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"ये आता," ती म्हणाली. "मांस गार पडतंय."